विषबाधा, एमएलसी आणि अडकलेला डिस्चार्ज: माझा अनुभव

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता बऱ्या आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मला लिहायचं आहे ते कॅज्युअल्टीत झालेल्या एका एमएलसी नोंदीबद्दल (मेडिको-लीगल केस, म्हणजे ज्या रुग्णाची माहिती पोलिसांना द्यावी लागते त्याची नोंद). त्या नोंदीपायी जो मनस्ताप झाला तो अजून मनातून जात नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ आली तर त्यांना निदान काय मागायचं ते माहीत असावं.

घटना थोडक्यात अशी. पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये वाळवीचं काम झालं आणि पेस्ट कंट्रोलवाल्याने उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून कोरड्या बाल्कनीत ठेवलं. आम्हाला कुणाला पत्ता नाही. हे औषध पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं. मे महिन्याची दुपार, आईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि कोविडपासून त्यांना वास जवळजवळ येतच नाही. त्यांनी ताक समजून पेल्यात ओतून घेतलं. "अगं, हे ताक कडवट लागतंय," असं म्हणत त्या पेला घेऊन स्वयंपाकघरात आल्या. रॉकेलसारखा वास मला दारातच आला.

शेजारच्या काकूंनी मीठपाणी पाजून उलटी काढायला सांगितलं. मी ठाम नकार दिला आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. बरीच कीटकनाशकं रॉकेलसारख्या द्रावकात असतात. उलटी काढताना ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून माणूस दगावू शकतो. दूध, तूप, लिंबूपाणी यातलं काहीही देऊ नका. बाटली पिशवीत घाला, गाडी काढा आणि निघा.

सर्वांत जवळच्या छोट्या रुग्णालयाने आईंना गाडीतून उतरवूनही घेतलं नाही. "पॉयझनिंग आहे ना? मग एमएलसी होणार, आमच्याकडे घेत नाहीत. आधी पोलिसांना कळवा." आईंना तोवर दरदरून घाम फुटला होता, तोंडातून लाळ गळत होती. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, सरकारी असो की खासगी, आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. इतकी वर्षं होऊनही काउंटरवरचा माणूस हे वाक्य बिनदिक्कत बोलतो! मी वाद घातला नाही, कारण वेळ आईंची जात होती. पण तुमच्या सोबत दुसरं कुणी असेल तर त्याला तिथे उभं करा आणि नकार लेखी मागायला सांगा.

दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मात्र पाच-सहा जण एकदम धावले. कपडे काढून अंग साबणाने धुतलं (हे औषध कातडीतूनही शरीरात जातं), पोटात नळी घालून धुऊन काढलं, ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू केलं. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून मी मूळ डब्याच्या लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता. पिवळा त्रिकोण (खूप विषारी असल्याची खूण), क्लोरपायरीफॉस (कीटकनाशक) २० टक्के. तो फोटो बघताच डॉक्टर म्हणाले, बरं झालं, आता अंदाज बांधत बसायला नको. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी दगावले, तेव्हा हे सगळं आपण वर्तमानपत्रात वाचलं होतं. शहरातल्या बंद फ्लॅटमध्येही त्याच जातीची औषधं येतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

उपचारांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. अडलं ते कागदावर.

विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालय एमएलसी करतं आणि पोलिसांना कळवतं. ते योग्यच आहे, तसंच व्हायला हवं. पण त्या धावपळीत ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलं ते एवढंच: रुग्णाने विषारी द्रव प्राशन केले, माहिती देणार सून. चुकून घेतलं, ताक समजून घेतलं, बाटलीवर लेबल नव्हतं, यातला एक शब्द नाही. मी सगळं तोंडी सांगितलं होतं. कागदावर काय उतरलं ते मला दाखवलंच नाही, आणि सही घेतली ती भलत्याच फॉर्मवर.

त्या एका ओळीवरून पुढचं सगळं सुरू झालं. संध्याकाळी चौकीतून हवालदार आले. बोलायला सभ्य होते, पण प्रश्न मात्र असे: घरात कोण कोण असतं, सासू-सुनेत काही वाद, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? नवरा नागपूरहून निघाला होता, रात्रीशिवाय पोहोचणार नव्हता. आयसीयूच्या बाहेर अनोळखी माणसांच्या घोळक्यात उभं राहून मी फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते सांगत होते.

मग ते जबाब घ्यायला आत गेले. आणि इथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ॲट्रोपिनचा डोस चढला की रुग्णाची बाहुली मोठी होते, तोंड कोरडं पडतं, नाडी धावते, आणि बऱ्याचदा भ्रम होतो. आई चादर चिवडत होत्या, हवेतलं काहीतरी पकडत होत्या, माहेरच्या माणसांना हाका मारत होत्या. तोंडाने काहीही द्यायचं नाही अशी सक्त सूचना होती, त्यामुळे पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "ही मला पाणी देत नाही." हवालदारांनी वही उघडली होती.

मी सिस्टरना सांगून डॉक्टरांना बोलावून घेतलं. रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे डॉक्टरांनी लेखी द्यायचं असतं. ते दिलं नसेल तर जबाबावर शंका घेतली जाऊ शकते, आणि भ्रमात असलेल्या बाईच्या तोंडून काहीही निघू शकतं. डॉक्टरांनी लगेच "सध्या जबाब देण्यास असमर्थ" असं लिहून वेळ घातली, खाली सही केली. या एका वाक्यासाठी मी त्या तरुण डॉक्टरांची जन्मभर ऋणी आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर संकोच करू नका. "फिटनेस लिहून दिलाय का?" एवढंच विचारा.

आई शुद्धीवर आल्या, गप्पा मारायला लागल्या, वरण-भात मागायला लागल्या. या विषात पहिले तीन-चार दिवस मान आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात, म्हणून ठेवून घेतलं होतं, तो काळही पार पडला. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. बिलिंगवाले म्हणाले, पोलिसांचा जबाब झाल्याशिवाय सोडता येणार नाही. चौकीत गेले तर आधीच्या हवालदारांची ड्यूटी बदललेली. नवीन अंमलदार म्हणाले, तुमचं घर आमच्या हद्दीत नाही, कागद तिकडच्या ठाण्याला पाठवलेत. तिकडे फोन केला तर कागद आलेलेच नाहीत. रुग्णालयात परत यावं तर शिफ्ट बदललेली, सगळं पहिल्यापासून सांगा. खोलीचं भाडं मात्र रोज लागत होतं. बरी झालेली बाई पिशवी भरून पलंगाच्या कडेला बसून राहायची आणि आपल्यामुळे सगळ्यांना त्रास म्हणून रडायची.

शेवटी उपयोगी पडला तो एक लेखी अर्ज. मी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने साध्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. रुग्ण आता जबाब देण्यास सक्षम असल्याचा दाखला द्यावा. रुग्णाने स्वतः सांगितलेली हकिगत केसपेपरवर नव्याने, तारीख-वेळ घालून नोंदवावी. आणि पोलिसांना डिस्चार्जची सूचना देऊन रुग्णाला सोडावं, किंवा कोणत्या नियमाने थांबवलं आहे ते लेखी कळवावं. पोच घेतली. मूळ एमएलसी नोंद खोडता येत नाही, खोडूही नये, पण पुढे नवी नोंद करता येते, हे मला एका ओळखीच्या निवृत्त मेट्रनबाईंनी सांगितलं होतं. अर्ज आत गेल्यावर तासाभरात रुग्णालयातूनच चौकीला फोन गेला. अंमलदार आले, आईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "ताक समजून प्यायले हो मी." जबाबावर सही झाली आणि आम्ही बाहेर पडलो. एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

आणखी काही गोष्टी, आठवतील तशा.

पोट धुतल्यावर निघालेल्या पाण्याचा नमुना सील करून पोलिसांना देतात, तपासणीसाठी. तुमची बाटलीही मागतात. देण्याआधी तिचा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा.

केसपेपरची आणि एमएलसीची प्रत मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत रुग्णाला कागद मिळायला हवेत. मेडिक्लेमने आमच्याकडे हेच मागितलं. स्वतःहून विष घेतल्याची शंका आली की क्लेम तिथेच थांबतो. आईंच्या हकिगतीची ती नवी नोंद जोडली आणि तो सुटला.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८०० ११६ ११७ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. गाडीत बसल्या बसल्याही विचारता येतं. पण फोनसाठी रुग्णालयात जायचं थांबवू नका.

एखाद्याच्या घरी खरंच कुणी जीव द्यायला म्हणून काही घेतलं असेल, तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. काय घेतलं, किती घेतलं, केव्हा घेतलं, यावर उपचार ठरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखं कलमही नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. भीतीपोटी "काहीतरी चुकीचं खाल्लं" म्हणणारे नातेवाईक रुग्णाचंच नुकसान करतात.

कॅज्युअल्टीत हकिगत सांगाल तेव्हा डॉक्टर काय लिहितायत ते वाचून दाखवायला सांगा. घाई असेल तर रुग्ण स्थिर झाल्यावर, पण त्याच रात्री. चुकून झालं असेल तर तो शब्द कागदावर हवा, कसं झालं त्यासकट.

आईंना पुढचे काही आठवडे पायात मुंग्या किंवा अशक्तपणा वाटतो का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या कार्यालयात मी लेखी तक्रार दिली आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.