आवाज फाटला पाहिजे: आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही ‘रेडिओ व लाऊडस्पीकर दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. त्यात गिटारचा ‘ग’सुद्धा नाही. नवी पोरं कोल्हापूरच्या शाहूपुरीतले गल्लीबोळ पालथे घालून येतात आणि दारात उभं राहून विचारतात, ‘काका, ते गिटारचे अँप करणारे इथंच काय?’ पाटी आबांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. ती बदलायची तर आबांना विचारावं लागेल, आणि तेवढं धाडस चाळिशी ओलांडली तरी मला झालेलं नाही.

आबांचा धंदा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा, आणि उरल्या वेळात रेडिओ दुरुस्तीचा. लग्नं, वराती, प्रचारसभा, गावोगावची कुस्तीची मैदानं, ज्योतिबाची चैत्र यात्रा. झाडाला कर्णा बांधायचा आणि खाली टेबलावर मशीन ठेवायचं. आमच्या धंद्यात अँप्लिफायरला कोणी अँप्लिफायर म्हणत नाही, ‘मशीन’च म्हणतात. वाल्व म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या, तापून काम करणाऱ्या काचेच्या नळ्या. वाल्वच्या मशीनचं निम्मं वजन नुसत्या लोखंडाचं. एकट्यानं उचललं की कंबर आठवडाभर बोलत राहायची. चालू केल्यावर वाल्व तापून आवाज बाहेर यायला अर्धा मिनिट लागायचा, तेवढ्यात पुढाऱ्याचं दहा वेळा ‘हॅलो, हॅलो’ म्हणून व्हायचं.

या सगळ्यात आबांचा कायदा एकच. आवाज फाटता कामा नये. मैदानाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही कुठल्या पैलवानानं कुठला डाव टाकला ते शब्दन्शब्द कळलं पाहिजे. ‘ह्याचा आवाज फाटतो’ असं गावात एकदा झालं की पुढच्या वर्षी सुपारी दुसऱ्याला.

पुढं ट्रान्झिस्टरची मशीनं आली. उचलायला हलकी, तापायची वाट बघायला नको, वीज नसेल तिथं १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालायची. वाल्वची मशीनं माळ्यावर गेली आणि धूळ खात पडली. भंगारात घालायला आबा तयार नव्हते. कारण विचारलं तर म्हणायचे, ‘तांबं चांगलं आहे त्यातलं.’

२०१९ च्या महापुराच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. एका देवळाच्या ट्रस्टचं जुनं वाल्वचं मशीन दुरुस्तीला आलं होतं. मी ते चालू करून तपासत होतो. राजारामपुरीतला एक कॉलेजचा पोरगा हेडफोनची वायर जोडून घ्यायला आला होता, पाठीवर गिटार. त्याची नजर त्या नारिंगी तापलेल्या वाल्ववर गेली. ‘काका, ह्यात लावून बघू?’ मी म्हटलं लाव. त्यानं माइकच्या भोकात गिटारचा जॅक घातला आणि आवाजाचं बटण निम्म्याच्या पुढं नेलं. स्पीकरमधून जे आलं ते मी वर्णन करून सांगू शकत नाही. जाड, खरखरीत, तरी गोड. आतल्या खोलीतून आबा ओरडले, ‘फाटतोय! कमी कर!’ पोरगा हसत म्हणाला, ‘आजोबा, असाच पाहिजे.’

आबांनी जन्मभर जो आवाज टाळला, त्याला पैसे मोजणारे लोक आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मग रात्र-रात्र वाचत बसलो. कळलं ते असं, की मी काही नवीन शोधलेलं नाही. अमेरिकेत बोगन कंपनीची सभागृहातली जुनी मशीनं घेऊन लोक कैक वर्षं हेच करतायत. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ साली पहिला अँप बनला, तोही अमेरिकेतल्या फेंडर बासमनची सर्किट समोर ठेवूनच. माइकचं मशीन आणि गिटारचा अँप हे चुलत भाऊ आहेत. वाल्व तेच, ट्रान्स्फॉर्मर त्याच जातीचे, फक्त वळण वेगळं लावलेलं. एकाला सभ्य बोलायला शिकवलंय, दुसऱ्याला शिवी द्यायला.

धंदा म्हणून सुरुवात झाली ती २०१९ च्या पुरानं. पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं तेव्हा आमच्या दुकानात कमरेच्या वर पाणी होतं. माळ्यावरची मशीनं वाचली, खालची गेली. पाणी उतरल्यावर आजूबाजूच्या सगळ्या साउंडवाल्यांनी चिखलानं भरलेला जुना माल किलोवर काढला. मी भंगारवाल्याच्या आधी पोचलो. एकेक मशीन उघडलं की आत गाळ, एकात तर बेडकाचं पिल्लू. वाल्व धुऊन पुसून निघतात, पण ट्रान्स्फॉर्मरच्या थरांमध्ये कागद असतो आणि कागद पाणी पितो. असा ट्रान्स्फॉर्मर विजेवर लावला की संपला. शिवाजी उद्यमनगरात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग भरणारे एक मामा आहेत. त्यांच्याकडं वार्निश वाळवायची भट्टी आहे. त्या भट्टीत मोटारींच्या शेजारी माझे ट्रान्स्फॉर्मर दोन-दोन दिवस १०० अंशांच्या आसपास भाजून घेतले, मग ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावून बघितलं. निम्मे वाचले. मामांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ‘पुरातलं काम आहे, ह्याचं काय घ्यायचं.’ पुढच्या पुरात, २०२१ ला, आम्ही शहाणे झालो होतो. आता जमिनीवर फक्त स्टूल असतं.

काम काय करतो ते थोडं सांगतो, कारण ‘नुसता जॅक बदलून हजारो रुपये घेता’ असं म्हणणारेही भेटतात.

मशीन कुठूनही येऊ दे, थेट प्लगमध्ये घालायचं नाही. आधी सिरीजच्या दिव्यावर. शंभर वॅटचा बल्ब मशीनच्या आधी जोडायचा. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन वाचतं. मग सगळे मोठे कंडेन्सर बदलायचे. पन्नास वर्षांत ते आतून वाळलेले असतात, घूं घूं आवाज बहुतेक त्यांचाच. त्याहून खोडसाळ असतात दोन वाल्वमधले कागदी कंडेन्सर. बाहेरून ठणठणीत दिसतात, पण अडवायला हवा तो डीसी आतून थोडा थोडा गळू देतात. तो पुढच्या वाल्वच्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर, पोचला की वाल्वची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल व्हायला लागते. म्हणून पॉवरचे वाल्व काढून ठेवायचे आणि ग्रिडच्या पिनेवर मीटर लावायचा. काटा प्लसकडं सरकला की कंडेन्सर बाद.

वायर दोन पिनांची असेल तर तीन पिनांची घालतो आणि चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, पक्की अर्थिंग देतो. ह्यावर सवलत नाही. माइकसमोर बोलणाऱ्याच्या हातात धातूच्या तारा नसतात. गिटारवाल्याच्या असतात, आणि त्याचे ओठ माइकला लागतात.

आता वळणाचा भाग. गिटारच्या पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या कॉइलला) समोरून जड ओझं चालत नाही, म्हणून तोंडाशी एक मेगओहमचा रेझिस्टर ठेवतो. बऱ्याच मशीनांत दोन माइकची दोन स्वतंत्र तोंडं असतात. त्यातलं एक बंद करून त्याचा वाल्व दुसऱ्याच्या मागं लावतो. एकानं मोठा केलेला आवाज दुसरा आणखी मोठा करतो, तिथं फाटायला सुरुवात होते. मग आबांच्या लाडक्या गोष्टीला हात घालतो, निगेटिव्ह फीडबॅक. शेवटच्या टोकाचा थोडा आवाज उलटा करून मागं आणायचा, म्हणजे मशीन स्वतःच्या चुका स्वतः खोडतं. सभेसाठी उत्तम. गिटारसाठी तो निम्म्याहून कमी करतो, कधी बटणावर ठेवतो.

ह्याच फीडबॅकनं मला एकदा रडवलं. ईएल ३४ ह्या पॉवर वाल्वची जोडी असलेलं एक मशीन होतं, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळालेला. मामांनी नवा भरून दिला. प्रायमरीच्या (वाल्वकडच्या) थरांमध्ये सेकंडरीचे (स्पीकरकडचे) थर घालून, जसा भरायचा तसा. मी रात्री साडेदहाला जोडला, चालू केला आणि गल्लीभर किंकाळी. डुक्कर ओरडतं तसं. बंद केलं, परत सगळे सोल्डरचे डाग तपासले, वाल्व बदलले, परत तेच. तीन तास गेले. आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. तिसऱ्या किंकाळीला ते कूस न बदलता म्हणाले, ‘टोकं उलटी जोडलीस.’ प्लेटच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि मशीन गप्प झालं. चूक खोडायला आणलेला आवाज तीच चूक वाढवत होता. त्यांना ऐंशीच्या घरात, दुसऱ्या खोलीतून, कानावरून कळलं. मला डोळ्यासमोर असून नाही.

आउटपुटचं आणखी एक सांगायला पाहिजे. माइकच्या मशीनवर ‘१०० व्होल्ट लाइन’ असं एक टोक असतं. दहा कर्णे लांबवर जोडायचे तर वायरीत आवाज वाया जाऊ नये म्हणून व्होल्टेज चढवून पाठवतात, खांबावरून उच्च दाबाची वीज नेतात तसंच. पन्नास वॅटच्या मशीनला त्या टोकावर २०० ओहमचं ओझं अपेक्षित असतं. तिथं कोणी गिटारचा आठ ओहमचा स्पीकर जोडला की ओहम पंचविसाव्या हिश्शावर येतात, आणि ओहम कमी म्हणजे ओझं जास्त. वाल्व दमतात, तापतात, जातात. म्हणून आम्ही ते टोक आतूनच कापून बंद करतो आणि आठ-सोळाची टोकं बाहेर काढतो. उलट चूकही होते: स्पीकरची वायर निसटलेली आणि पोरगा वाजवतोय. आवाज येत नाही म्हणून आणखी वाढवतोय. अशानं ट्रान्स्फॉर्मरच फुटतो. असा एक अँप परत आला तेव्हा मालक म्हणाला, ‘तुमचा माल कच्चा.’ भांडलो नाही. तेव्हापासून प्रत्येक अँपच्या मागं लाल ऑइलपेंटनं लिहितो: आधी स्पीकर, मग स्विच.

कर्ण्यावर गिटार वाजत नाही, नुसती किरकिरते. म्हणून बारा इंची स्पीकर आणि लाकडी पेटी. पेटी आमचा सुतार करतो, चॅसिसला नवी भोकं लागली तर उद्यमनगर. हँडल मात्र आमचा अभिमानाचा विषय आहे. बाजारातले प्लॅस्टिकचे हँडल एवढ्या वजनाला वर्षात तुटायचे. शेवटी कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या एका कारागिराकडं गेलो. त्यांनी चपलेच्या तळाचं कातडं तीन पदरी घेतलं, कातड्याच्याच वादीनं शिवलं. वीस किलोचा अँप धरून मीच झोके देऊन बघितला. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं आवाजाआधी हँडलचा फोटो काढला होता.

वाल्वची अडचण कायमची. बंगळूरच्या बीईएलचे जुने वाल्व सापडले तर देव पावला, पण ते आता दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यांतच. नवे येतात ते स्लोव्हाकियाचे, चीनचे, रशियाचे. २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि रशियन माल अडला, तेव्हा भाव असे चढले की दोन महिने ऑर्डरी घेतल्याच नाहीत. एका विक्रेत्यानं तेव्हा वापरलेले वाल्व नव्या खोक्यात घालून दिले होते. तेव्हापासून प्रत्येक जोडी मीटरवर लावून घेतो. ईएल ३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट सोसते. आम्ही सत्तर टक्क्यांवर थांबतो. प्लेटला सव्वाचारशे व्होल्ट असतील तर चाळीस मिलिअँपच्या आसपास. थोडं कमी चालेल, जास्त नको.

गिऱ्हाईक म्हणाल तर कॉलेजचे बँड, चर्चमध्ये वाजवणारी पोरं, ऑर्केस्ट्रावाले, आणि अनपेक्षितपणे बेंजो पार्टीवाले. बेंजोच्या तारांना वाल्वचा आवाज असा काही बसतो की एक मंडळ गणपतीला दोन अँप घेऊन गेलं ते परत द्यायला तयार नव्हतं. ‘व्हिंटेज’ हा शब्द मी बिलावर लिहीत नाही. पन्नास वर्षांचा ट्रान्स्फॉर्मर आणि कालचे कंडेन्सर, एवढंच आहे त्यात. जे मशीन मूळ स्थितीत चालू आहे, त्याला हात लावायचा नाही, हा आबांचा नियम. माळ्यावर असं एक आहे. बाजूला ऑइलपेंटनं एका तालमीचं नाव. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी त्याची किंमत विचारतं, आणि आबा आतूनच ‘नाही’ म्हणतात.

सध्या टेबलावर जयसिंगपूरहून आलेलं एक मशीन आहे. सगळं झालंय, आवाजही छान फाटतो, पण तासाभरानं चोक (वीज गुळगुळीत करणारी लोखंडी गाभ्याची कॉइल) तापून हात लावू देत नाही. मी म्हणतो वाइंडिंगमध्ये वेढे शॉर्ट आहेत. आबा म्हणतात, चोक चांगला आहे, पुढं कुठंतरी करंट जास्त ओढला जातोय, आधी तो शोध. उद्या मीटर लावून आधी करंट मोजतो.