तांब्याखाली स्टिकर

तांबट आळीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानाला काउंटरवर डिस्प्ले हवा होता. गिऱ्हाइकानं भांडं चकतीवर ठेवलं की शेजारच्या स्क्रीनवर त्याच भांड्याचा व्हिडिओ लागणार: मठारकाम (हातोडीनं ठोकून भांडं घडवणं) कसं चालतं, ठोक्यांनी पत्रा कसा कडक होतो, पातेल्याला आतून कल्हई का लागते. भांड्याच्या बुडाला एनएफसी स्टिकर (जवळ आणला की बिनतारी ओळख सांगणारी छोटी चिप), चकतीखाली तो वाचणारा रीडर, मागे रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक. घरी टेबलावर सगळं झकास चाललं.

दुकानात स्टिकर तांब्याच्या बुडाला चिकटवला आणि रीडर मुका झाला. दीड तास मी वायरी चाचपत बसले. दोष वायरींचा नव्हताच. एनएफसी चालतं १३.५६ मेगाहर्ट्झवर, ते चुंबकीय क्षेत्र धातूवर पडलं की धातूत भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि मूळ क्षेत्रालाच विरोध करतात. स्टिकरला वीज रीडरकडूनच मिळायची, ती मिळेना. शाळेत शिकलेलं, पण ऐनवेळी आठवेल तर शपथ! मग पाठीला फेराइटचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत जाऊ न देणारा थर असलेले, धातूवर चालणारे स्टिकर मागवले. महाग पडले. चकतीचं ॲक्रिलिकही ५ मिमीवरून २ मिमीवर आणलं. गोल बुडाच्या लोट्यांना तरीही काही उपाय सापडला नाही. त्यांची चित्रं स्क्रीनवर बोटानं निवडायला ठेवली.

मला अभिमान होता तो व्हिडिओच्या आवाजाचा. हातोडीचे ठोके मुद्दाम आळीत जाऊन रेकॉर्ड केले होते. दुकानदार काकांनी दोन दिवसांत तो बंद करायला लावला. "अगं, वाजवून बघितल्याशिवाय भांडं कोण घेतं? तुझ्या ठोक्यांत माझ्या हंड्याचा नाद ऐकू येईना." त्यांचं बरोबर होतं. आवाज काढला, खाली मराठी ओळी टाकल्या, अक्षरं दुप्पट मोठी केली.

शेवटचा घोळ मेन स्विचचा. दुपारी कुलूप लावताना काका तोच खाली पाडायचे. वीज अशी अचानक जाऊन आठवड्याभरात रास्पबेरी पायचं एसडी कार्ड, म्हणजे सगळी सिस्टिम साठवलेलं कार्ड, बिघडलं. त्यांची सवय बदलायच्या भानगडीत पडले नाही. कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सिस्टिम करून टाकली. आता खुशाल पाडा.

परवा गेले तर चकतीवर चहाचा ग्लास. काका म्हणाले, "यालाही एक चिकटवून दे, बघू काय दाखवतो."