जिभेला न पोचणारी जखम

चिंगी या भटक्या कुत्रीला आमच्या शेल्टरच्या दारात गाडीतून उतरवलं तेव्हा ती दिसण्याआधी तिचा वास आला. जुलैमधला रविवार, पुण्यात आठवडाभर झड लागलेली, आणि तिच्या डाव्या कानामागे तळहाताएवढी जखम. आत अळ्या वळवळत होत्या. सोबत मंडईतल्या भाजीवाल्या मावशी होत्या, गाळा शेजारणीवर सोपवून आलेल्या.

"ताई, परवापर्यंत नुसतं खरचटलेलं होतं हो," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते खरंच होतं. ओल्या जखमेवर माशी अंडी घालते, दिवसभरात ती फुटतात आणि अळ्या मांस खात आत शिरतात. पाय, पोट, शेपूट कुत्रा चाटून साफ ठेवतो. कानामागे आणि मानेवर जीभ पोचत नाही. आमच्या शेल्टरला पावसाळ्यात येणाऱ्या अशा जखमा बहुतेक तिथल्याच असतात.

"वर काही लावलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक जण फिनेल ओतायला निघाला होता, मी ओतू दिलं नाही. गावाकडं बैलाला सीताफळाचा पाला ठेचून बांधायचो. पण इथं डोळा जवळ, म्हणून धीर झाला नाही."

"बरं केलंत, मावशी. डोळा वाचवलात तिचा."

सीताफळाच्या बियांची पूड तर डोळ्यात गेली की बुबुळालाच इजा करते. आणि उघड्या मांसावर फिनेल किंवा पेट्रोल म्हणजे भाजल्यासारखी जखम, शिवाय ते अंगात भिनतं ते वेगळंच. अशी भाजलेली जनावरंही आमच्याकडे येतात. ओतणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, त्यांना मदतच करायची असते. म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

गुंगीचं इंजेक्शन लागू पडल्यावर डॉक्टरांनी जखमेभोवतीचे केस काढले. माझ्याकडे डोकं धरायचं आणि बॅटरी दाखवायची, एवढंच काम. अळीची श्वासाची छिद्रं तिच्या मागच्या टोकाला असतात. तोंड मांसात खुपसून मागचं टोक ती हवेत ठेवते. टर्पेंटाइनचे मोजके थेंब टाकलेला बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की तिची हवा तुटते आणि ती वर येते. मग चिमट्याने एकेक काढायची. घाईने टर्पेंटाइन ओतलं तर चामडी जळते, म्हणून डॉक्टर थांबत, सलाइनने धुवत, पुन्हा बोळा धरत.

लोक विचारतात, किळस येत नाही का? सुरुवातीला येते. मग डोक्यात एकच राहतं, एकही अळी आत राहता कामा नये.

दुपारी जखम स्वच्छ लाल दिसायला लागली. मी सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टर जखमेत भरलेल्या सलाइनकडे बघत राहिल्या. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे येत होते. कातडीखालून गळ्याच्या दिशेने एक बोगदा गेला होता, आणि आत आणखी अळ्या होत्या. पुन्हा सगळं पहिल्यापासून. ते बुडबुडे नजरेतून सुटले असते तर चिंगी बहुधा वाचली नसती. गेली कित्येक वर्षं मी इथे येतेय, पण इतकी शांत, चिवट नजर मी फार थोड्या माणसांकडे पाहिली आहे.

अशी जखम शिवत नाहीत. ती आतून भरत यावी लागते. रोज ड्रेसिंग, प्रतिजैविकं, वेदनाशामक, आणि पंज्याने खाजवू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. चिंगीने ती पहिल्याच रात्री फोडली. दुसरी मात्र टिकली.

तिच्या उजव्या कानाला नसबंदी झाल्याची खूण म्हणून कापलेली खाच आधीपासून होती. "आता हिला दत्तक द्या ना कुणाला तरी," असं आमच्यातल्याच एकीने सुचवलं. मला ते पटलं नाही. चिंगी मंडईत वाढलेली, तिची माणसं तिथे, आणि जखम नेमकी कुठे बघायची हे त्यांच्यापैकी एकीला आता माहीत होतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा त्याच्याच जागी परत सोडायचा, असं आहे. तीही तिच्या जागी गेली.

सोडायला गेलो तेव्हा चिंगीने मावशींच्या टोपल्यांभोवती चकरा मारल्या. मावशींनी तिचे दोन्ही कान उलटून तपासले आणि लगेच आम्हाला गाळ्यामागे नेलं. तिथे एक काळा कुत्रा बसला होता. त्याच्या मानेवर पांढऱ्या दाण्यांचा बारीक पुंजका.

"अळ्या नाहीत अजून," त्या म्हणाल्या, "पण ही अंडीच ना?"

अंडीच होती. केस कापून, जखम धुऊन, मलम लावून काम तिथेच संपलं. काळ्याला गाडीत चढवावंही लागलं नाही.