आज परळच्या फुटपाथवर

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर पेशंट आणि त्यांची माणसं कशी राहतात ते मुंबईत सगळ्यांना माहितीये. मी पण बऱ्याचदा खाण्याचं पार्सल हातात दिलंय आणि लोकल पकडायला पळालेय. आज नाही पळाले. एका मावशींना बिस्किटं द्यायला वाकले तर म्हणाल्या, "बिस्किटं लई हायेत बाई, जरा बस की." आणि मी बसले, तिथंच, त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यावर.

जालन्याकडच्या. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, तंबाखूने. केमो चालूये, दर वेळी गावी जाऊन यायचं तर भाडं परवडत नाही, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागायची वाट बघतायत. हे सगळं त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं आणि मग पाऊण तास नुसत्या म्हशीबद्दल बोलल्या, की ती शेजाऱ्यांकडे ठेवलीये, दूध नीट देत नसेल, तिला काकांच्याच हाताची सवय. काकांना बोलता येत नाहीये आता, पण म्हशीचा विषय निघाला तसे डोळ्यांनी हसायला लागले...

मी काहीच केलं नाही खरं तर. पैसे त्यांनी घेतले नाहीत. फोन तेवढा बॅगेत ठेवला होता. निघताना मावशींनी विचारलं, "परत कधी येशील?" इतकी वर्षं पार्सलं वाटली, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

गुरुवारी जातेय. म्हशीचं नाव विचारायचं राहिलंय.