दहा नंबरच्या लेण्यातली सही

अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात लोक ही लेणी पुन्हा उजेडात आणणाऱ्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची सही शोधत खांबाखांबापुढे थांबतात, आणि बहुतेकांना ती सापडत नाही. कारण सगळे समोर बघतात. मान वर करा. सही उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहे.

२८ एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला निघालेला हा घोडदळातला अधिकारी आत शिरला तेव्हा लेण्यात पाचेक फूट दगडमाती साचली होती. त्या ढिगावर उभं राहून त्याने नाव, पलटण आणि तारीख कोरली. तीही कोऱ्या दगडावर नाही, बोधिसत्त्वाच्या चित्रावर. पुढे ढीग उपसला आणि सही अधांतरी राहिली. बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला चीड येते ती यायलाच हवी. पण लेण्याची जमीन तेव्हा कुठे होती, याचं इतकं बिनचूक माप तिथे दुसरं दिसत नाही.

नाव कोरण्याची हौस तशी या लेण्यात जुनीच. बाहेरच्या कमानीपाशी ब्राह्मीत वासिठिपुत कटहादि याचं नाव आहे, त्याने दिलेल्या 'घरमुखा'चं, म्हणजे दर्शनी भागाचं, दान नोंदवलेलं. फरक एवढाच, त्याने पदरचे पैसे घातले होते.

सही सापडली की बरेच जण पाठ फिरवतात. मला ते पटत नाही. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, सुमारे ९५ फूट खोल आहे, आत ३९ अष्टकोनी खांब, आणि खरी गंमत खांबांमागच्या भिंतींवर आहे. ती चित्रं इसवी सनापूर्वीची. खांबांवरचे बुद्ध मात्र पाचव्या शतकाच्या आसपासचे. मधे पाचसहाशे वर्षं, आणि अंतर दोन पावलांचं! ओळखायची सोपी खूण म्हणजे निळा रंग. जुन्या थरात तो नाही. काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुन्याचा पांढरा एवढ्यावरच भागवलेलं आहे. निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा, तो नंतरच्या चित्रांत आला. षड्दंत, म्हणजे सहा सुळ्यांच्या, हत्तीची गोष्ट इथे उजव्या भिंतीवर आहे आणि पुन्हा सतरा नंबरमध्येही. आधी दहा बघा, मग सतरा. उलट केलंत तर दहामधलं फिकट चित्र नजरेत भरतच नाही.

एक गैरसमज गाइडसुद्धा पसरवतात: ही फ्रेस्को नाहीत. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि तो चुन्यातच मुरतो. इथे दगड टाचून खडबडीत केला, त्यावर भाताचं तूस आणि काडीकचरा मळलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग. म्हणून ओल्या फडक्याने पुसलं तर रंग उतरतो. तूस आहे म्हणून किडे लागतात, गिलावा आतून पोकळ होतो आणि एक दिवस पापुद्रा सुटून पडतो.

स्मिथने एक चित्र ओरबाडलं, प्रेमाने आलेल्यांनी जास्त. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या चित्रांच्या नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फिरवलं गेलं. १९२० नंतर निजामाने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पकडून ठेवला हे मोठंच काम, पण वर लाखेचा थर दिला. लाख कालांतराने पिवळी पडते, मग तपकिरी, आणि धूळ-काजळी धरून ठेवते. आज दिसणारा काळपटपणा निव्वळ वयाचा नाही. लाख काढायची तर द्रावक लावून टीचभर टीचभर जागा साफ करावी लागते, आणि खाली सरसावरचा रंग! घाई केली की लाखेबरोबर चित्रही बोळ्यावर. नकलांचं नशीब तर आणखी वाईट. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या कितीतरी १८८५ च्या आगीत.

आता जाण्याचं. सोमवारी लेणी बंद, तरी पायथ्याच्या फर्दापूरला सोमवारी येऊन हळहळणारे असतातच. गाडी तिथेच ठेवायची, पुढचे चार किलोमीटर बसने. चित्रांच्या लेण्यांत दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. आत गेल्यावर पाचेक मिनिटं नुसतं उभं राहा, मग भिंत दिसायला लागते. रविवारी ती पाच मिनिटं मिळत नाहीत, मागून रेटा येतो. शेजारचा कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावतो आणि सरावलेले डोळे परत आंधळे होतात. मी या बाबतीत भांडखोर आहे.

सव्वीसमधला निर्वाणाचा बुद्ध भव्य, पण तोवर पाय बोलायला लागतात. थोडं त्राण उरलंच तर वाघूर नदी ओलांडून समोरच्या कड्यावर चढा. स्मिथला पहिल्यांदा दिसली ती दहा नंबरची कमान तिथून बघायची. त्या नालाकृती रांगेत ती शोधावी लागत नाही.