रिंगटेलचा गुंता सुटतोय: कॉलर नंतर, आधी पंखाची मागची कड

मोठी बातमी आधी. पॅलिड की माँटेग्यू, या दोन जातींपैकी कोणती, यावर अडकलेल्या रिंगटेल हॅरियरांचं (म्हणजे शेपटीवर पट्टे असलेल्या तपकिरी भोवत्यांचं, माद्या आणि पिल्लांचं) ‘अनिर्णित’ फोल्डर या आठवड्यात निम्म्याहून जास्त रिकामं झालं. कॅमेरा तोच, लेन्सही तीच. फोटो तपासायचा क्रम बदलला आणि उभं राहायची जागा बदलली.

नरांचं काही अडत नव्हतं. पॅलिडचा नर फिकट राखाडी, जवळजवळ पांढरा, आणि पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर आडवी काळी रेघ आणि काळं टोक बरंच मोठं. मार्शचा, म्हणजे दलदली भोवत्याचा, आकारच वेगळा. खरी डोकेदुखी माद्या आणि यंदाच्या पिल्लांची, आणि ऑक्टोबरमध्ये सुपे–बारामती–इंदापूर पट्ट्यातल्या माळांवर त्यांचीच गर्दी असते.

आपल्याकडे ओळख बहुतेक वेळा कॉलरपासून सुरू होते. पॅलिडच्या पिल्लाच्या गालावर गडद डाग, त्यामागे मानेभोवती फिकट, रेघा नसलेली कॉलर, आणि कॉलरच्या खाली मानेच्या बाजूला पुन्हा गडद पट्टा. पुस्तकातल्या चित्रात हे लख्ख दिसतं. माळावर तसं होत नाही, त्याची कारणं तीन. शिकार शोधणारा भोवत्या मान खाली घालून उडतो, मान ताणली जाते, आणि माँटेग्यूच्याही मानेवरची पिसांची फिकट बुडं उघडी पडतात. दुसरं, वारा समोरून असला की मानेवरची पिसं विस्कटतात. तिसरं आणि सर्वांत त्रासदायक, फोटो थोडा जरी जास्त उजळ झाला तरी मानेवरचा मळकट पिवळा रंग पांढरा होतो आणि माँटेग्यूला कॉलर ‘येते’. उलटही घडतं. पक्षी सरळ तोंडावर येत असेल तर पॅलिडची कॉलर दबून जाते.

आता आधी वय ठरवायचं. पिल्लाच्या पंखातली सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली, सारखी ताजी. मागच्या कडेत कुठे फट नाही. वरच्या बाजूला मोठ्या आच्छादक पिसांच्या टोकांची बारीक फिकट रेघ. पोट विटकरी आणि त्यावर रेघा जवळजवळ नाहीत. प्रौढ मादीच्या छातीपोटावर रेघा असतात आणि डोळा पिवळा. तिची पिसगळ प्रवासात थांबलेली असते आणि इथे पोचल्यावर पुढे सरकते, म्हणून या महिन्यात बाहेरच्या प्रायमरी (पंखाच्या टोकाकडची लांब पिसं) अर्धवट वाढलेल्या दिसू शकतात. अशा मादीच्या पंखाचं टोक बोथट, गोलसर दिसतं. पंखाच्या आकारावरून जात ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये प्रौढ मादीचा आकार फसवा असतो.

वय ठरलं की पंखाची खालची बाजू. पिल्लू असेल तर नजर थेट ‘हाता’च्या, म्हणजे प्रायमरींच्या, मागच्या कडेवर. माँटेग्यूच्या पिल्लात आतल्या प्रायमरींच्या टोकांना धुरकट गडद कड असते आणि पंखाची बोटं, म्हणजे टोकाची सुटी दिसणारी पिसं, बरीचशी काळपट. पॅलिडच्या पिल्लात हाताची मागची कड फिकट राहते, बोटांवर काळपटपणा कमी, बऱ्याचदा आडवे पट्टे बोटांपर्यंत जातात, आणि प्रायमरींच्या बुडाशी फिकट कमानीसारखा डाग असतो. मान वळली, वारा आला, पक्षी तिरका झाला तरी कड तिथेच राहते, म्हणून ती आधी. फोटो शंभर टक्के झूम करून पाचवी-सहावी प्रायमरी शोधायची आणि तिचं टोक तिच्याच मधल्या भागापेक्षा गडद आहे का, एवढं बघायचं. आख्खा पंख एकदम बघितला की डोळा बोटांच्या काळ्या रंगाकडे ओढला जातो.

मग चेहरा. माँटेग्यूच्या पिल्लाच्या डोळ्याभोवती पांढरं जास्त, गालावरचा गडद डाग लहान, कोयरीसारखा, आणि तो चोचीपर्यंत पोचत नाही. पॅलिडचा डाग मोठा, चोचीच्या बुडाकडे सरकलेला, आणि डोळ्याभोवतीचं पांढरं अरुंद. कॉलर सर्वांत शेवटी. कॉलरच्या खालचा गडद पट्टा दिसला तर कॉलरला वजन. नुसता फिकटपणा दिसला तर नोंद करायची आणि पुढे जायचं.

प्रौढ माद्यांना हा नियम लावू नका, तिथे सेकंडरी (पंखाच्या अंगाकडच्या भागाची मागची पिसं) वाचाव्या लागतात. माँटेग्यूच्या मादीच्या सेकंडरींवर खालून स्पष्ट गडद पट्टे दिसतात आणि त्यांच्यामधले फिकट पट्टे थेट अंगापर्यंत पोचतात. काखेतल्या पिसांवर ठसठशीत तांबूस पट्टे, आणि वरून बघितलं तर सेकंडरींवर एक गडद आडवा पट्टाही दिसतो. पॅलिडच्या मादीचे फिकट पट्टे अंगाकडे येताना अरुंद आणि मळकट होत जातात. त्यामुळे तिचा ‘बाहू’ गडद आणि हात उजळ असा फरक लांबूनही जाणवतो. आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीतून एवढा फरक सहज पकडता येतो.

इतकं करूनही काही पक्षी उरतात आणि ते उरू द्यावेत. पॅलिड आणि हेन हॅरियर यांच्या संकराच्या नोंदी युरोपात झालेल्या आहेत, माँटेग्यूचं पूर्ण काळपट रूपही असतं. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर खात्री नसेल तर नुसतं ‘हॅरियर’ टाका. पॅलिड आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटसमीप आहे, माँटेग्यू नाही. त्यामुळे अंदाजाने भरलेली प्रत्येक पॅलिडची नोंद उद्या कुणाच्या तरी अभ्यासात खोटी भर घालते.

आता उजेडाबद्दल, कारण अर्धा प्रश्न तिथेच सुटला. उडत्या पक्ष्याची खालची बाजू उजळते ती जमिनीवरून परतलेल्या उजेडाने. मुरमाड, फिकट माळावरून भोवत्या गेला की पंखाखालचा एक-एक पट्टा मोजता येतो. तोच पक्षी दोन मिनिटांनी बांध ओलांडून काळ्या रानावर गेला, की खालची बाजू काळवंडते आणि मागची कड सगळ्यांचीच गडद दिसते. म्हणून फोटोबरोबर जमीन कसली होती हेही लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. काळ्या रानावरच्या फोटोवरून कडेचा निर्णय घ्यायचा नाही.

संध्याकाळी गणित बदलतं. सूर्य खाली आला की तिरका उजेड थेट पंखाखाली जातो, पण तो पाठीमागून हवा. म्हणून रातथाऱ्याच्या (भोवते रात्री एकत्र उतरतात त्या गवताच्या जागेच्या) पूर्वेची जुनी जागा सोडून पश्चिमेच्या बांधावर आलो. तोटा एकच, सूर्य टेकल्यावर पक्षी मागच्या अंधाऱ्या आकाशात लवकर विरतात. त्यामुळे ओळखीसाठी पश्चिम, आणि अंधार पडत आल्यावरच्या मोजणीसाठी पूर्वेला दुसरा माणूस. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही जातींची पोटं तांबूस होतात, म्हणून व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ५२०० ते ५५०० केल्विनला बांधून टाका आणि रॉ फाइल घ्या.

सेटिंग: शटर १/२००० किंवा जास्त, उजेड कमी झाला तर १/१२५० पर्यंत खाली. त्याखाली हाताची कड धूसर होते आणि फोटो या कामाचा राहत नाही. एक्स्पोजर, पक्षी आकाशावर असेल तर +१, गवतावर असेल तर शून्य किंवा -०.३. ऑटोफोकस पूर्ण फ्रेमवर ठेवला की तो गवताच्या तुऱ्यांवर जाऊन बसतो, मधला छोटा झोन बरा. इलेक्ट्रॉनिक शटरच्या वेगाला भुलू नका. सेन्सर सावकाश वाचला जाणाऱ्या कॅमेऱ्यात पंख वाकडे येतात आणि बोटांची लांबी खोटी दिसते. या कामाला मेकॅनिकल शटरच. व्हिडिओतून फ्रेम काढायची कल्पना चांगली आहे, फक्त शटर १/१००० च्या वर ठेवा, नाहीतर हजार फ्रेममध्ये एकही धारदार सापडत नाही.

स्पॉटिंग स्कोपबद्दल ठाम मत: ६० पट मोठं करून माळावर काही मिळत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये सकाळी साडेनऊनंतर जमिनीलगत हवा लहरायला लागते आणि चारपर्यंत थांबत नाही. २५ ते ३० पटींवर उजळ चित्र मिळतं तेच कामाचं. गाडीच्या खिडकीवर लावायच्या क्लँपपेक्षा बाजरी भरलेली कापडी पिशवी जास्त स्थिर राहते. इंजिन मात्र बंद हवं.

मोजणीचं घोडं अजून अडलेलं आहे. भोवते सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीपासून यायला लागतात आणि सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटंही येत राहतात. ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सव्वापाचला जागेवर असणं भाग आहे. गवतात उतरलेला पक्षी पुन्हा उठतो, घिरटी घालतो, दुसरीकडे बसतो, आणि तो दोनदा मोजला जातो. म्हणून दर पाच मिनिटांना ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोन आकडे लिहायचे आणि शेवटी वजाबाकी करायची. दिशाही लिहायची. कुठल्या बाजूने किती आले हे कळलं की दिवसा ते कुठल्या रानात शिकार करतात याचा माग लागतो. उठलेला पक्षी तोच का, ही शंका तरीही राहते, आणि अंधारात रिंगटेलची जात कळणं तर अशक्यच.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट पुढे आली, त्यामुळे पुढच्या आठवड्याचा बेत बदलतोय. प्रत्येक पक्ष्याची जात रातथाऱ्यावरच ठरवायची हा हट्ट कशाला? गवतात उतरण्याआधी भोवते जवळच्या उघड्या, नांगरलेल्या रानात जमिनीवर येऊन बसतात, कधी कधी बराच वेळ. तिथे ते स्थिर असतात, चेहरा समोर असतो, आणि तीसच्या स्कोपमधून गालावरचा डाग, डोळ्याचा रंग, कॉलरखालचा पट्टा निवांत वाचता येतो. म्हणजे एकूण आकडा रातथाऱ्यावर, आणि जातींची यादी बसक्या पक्ष्यांवरून. बसक्यांमधल्या प्रमाणावरून सगळ्या थव्याचा हिशोब काढणं मात्र नको. माद्या, नर आणि पिल्लं एकाच वेळी येतात असं गृहीत धरता येत नाही. दोन आकडे शेजारी-शेजारी, वेगवेगळे ठेवायचे.

आणखी एक: पहाटे उजाडताना रातथाऱ्यावरून उठलेले पक्षीही तसेच उघड्यावर बसून पिसं साफ करतात. पिसं साफ करताना पंख उघडतो, म्हणजे मागची कड आणि चेहरा एकाच फ्रेममध्ये मिळायची शक्यता. पूर्वेच्या जागेला उन्हाची पाठराखण आता सकाळी मिळेल, ती जागा वाया गेलेली नाही.

गवतात शिरू नका, पक्षी बसलेले असताना तर अजिबात नाही. दोनशे मीटरच्या आत कोणी जाऊ नये, ड्रोन नको, टॉर्च नको. उलट्या, म्हणजे न पचलेल्या अन्नाच्या गोळ्या, गोळा करायच्या असतील तर पक्षी उठून गेल्यावर, सकाळी उशिरा. टोळ आणि नाकतोड्यांचे पाय, सरड्यांची हाडं आणि लहान पक्ष्यांची पिसं त्यात मिळतात. रातथाऱ्याची नेमकी जागा इथेही लिहीत नाही. गुजरातमधलं वेळावदर भोवत्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या सामूहिक रातथाऱ्यांपैकी एक म्हणून ओळखलं जातं आणि तिथे संरक्षण आहे. आपले बरेचसे माळ खासगी किंवा गायरान आहेत. गवताची कापणी सुरू झाली की दोन दिवसांत रातथारा हलतो. कापणारे शेतकरी बोलणी केल्यावर मधला पट्टा शेवटी कापायला तयार होतात, असा अनुभव आहे. ती बोलणी आत्ताच करायला हवीत.

बाकीचं थोडक्यात. करडा धोबी ठरल्याप्रमाणे सप्टेंबरमध्येच ओढ्यावर हजर झाला. युरोपियन रोलर तारांवर दिसले आणि आता पुढे सरकले. हे पाहुणे आफ्रिकेकडे जाताना इथून जातात, त्यामुळे नोव्हेंबरात दिसणारा ‘रोलर’ आपला नीळकंठ नाही ना, हे आधी तपासा. ठिपकेदार माशीमाराचंही तसंच, वाटेवरचा पक्षी, बाभळीच्या उघड्या फांदीवर शोधा. गप्पीदास, शेपटी-लाल खाटीक आणि भोरड्यांचे थवे स्थिरावलेत. शॉर्ट-टोड चंडोल मुरमावर उतरलेत. त्यांचे मोठे थवे जमले की पॅलिड त्यांच्या मागे येतो, म्हणून तिकडे एक डोळा असू द्या.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अमूर ससाण्यांसाठी घाटमाथ्यावरची धार बघायची आहे. त्याच दिवसांत रातथाऱ्यावर शॉर्ट-इअर्ड घुबडाची शक्यता असते. तिन्हीसांजेला भोवत्यासारखाच गवतालगत उडणारा पण पंख ताठ मारणारा, मोठ्या डोक्याचा पक्षी दिसला, तर तो ‘आत’च्या आकड्यात घालू नका, त्याची वेगळी ओळ करा.

ज्यांच्याकडे जुने रिंगटेल फोटो आहेत त्यांनी मागच्या कडेचा निकष लावून बघावा, आणि फोटोबरोबर तीन गोष्टी नक्की द्याव्यात: वेळ, सूर्य कुठल्या बाजूला होता, आणि पक्ष्याखालची जमीन फिकट होती की काळी.