सुपरमॅनची ड्रेपरी: केप झाली, चड्डीवरून वाद चालूच

केप झाली. छातीवरचं चिन्हही झालं. बूट आणि पट्टा बाकी आहेत. शिगम्याच्या वेशभूषा स्पर्धेला अजून भरपूर अवकाश आहे, पण मध्ये दिवाळी आहे, म्हणजे वाड्यावर जाळायचा नरकासुराचा पुतळा आला. एकदा कागद आणि खळ यांचा पसारा मांडला की घरात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. म्हणून चवथीनंतरच्या या दिवसांत जमेल तेवढं उरकून घेतोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: हा जेम्स गनच्या 'सुपरमॅन'मधला पोशाख, डेव्हिड कोरेन्स्वेटने घातलेला, ज्युडियाना माकोव्स्कीने डिझाइन केलेला. उभी कॉलर, अंगभर शिवणीच्या रेघा आणि वरून लाल चड्डी. सिनेमा ११ जुलै २०२५ला लागला. खाली कथानकातल्या गोष्टी फुटतील, पाहिला नसेल तर इथेच थांबा.

केपेला सगळे आधी सॅटिन घेतात. स्वस्त मिळतं, रंग भडक मिळतो, आणि दिव्याखाली माणूस शाळेच्या गॅदरिंगमधला राजा दिसतो. मी म्हापशाच्या बाजारातून जाड क्रेप आणलं. कापणी आमच्या मास्तरांची. जत्रेतल्या नाटकांना ड्रेपरी पुरवण्यात त्यांची हयात गेली; संभाजी, औरंगजेब, कृष्ण, सगळे त्यांच्याच पेटाऱ्यातून निघतात. मोबाइलवर फोटो दाखवला तर त्यांनी खांदा तेवढा मोठा करून पाहिला, बाकी सुपरमॅनकडे ढुंकूनही बघितलं नाही. "मागे ओढलास तर नटाचा गळा आवळेल," म्हणाले. "वजन पुढे छातीवर घे. वाक्य म्हणायचं असतं रे त्याला."

म्हणून केपेची दोन्ही टोकं कॉलरखालून पुढे आणली आणि आतून हूक लावले. हूक निळ्या लायक्राला नाहीत, तिच्या आत घातलेल्या जाड पट्ट्यांना आहेत. नुसत्या लायक्राला लावले तर केपेच्या वजनाने अख्खी छाती वर चढते आणि चिन्ह हनुवटीला येऊन टेकतं.

अर्ध्या घेरात कापलं की कापडाचा काही भाग उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, येतो, आणि उरेब कापड टांगल्यावर ओघळतं. तेव्हा शिवल्या शिवल्या कड दुमडू नका. हँगरला लटकवून ठेवा, काय ओघळायचं ते ओघळू दे, मग जमिनीपासून माप घेऊन कड सारखी कापा. दुमडीत मी मासेमारीच्या जाळ्याची बारीक शिशं शिवली आहेत. केप पायांत घुटमळत नाही, वळलो की अर्धा क्षण मागे राहून मग येते. (शिसं हाताळल्यावर हात धुवा. सांगावं लागतं.)

चिन्हासाठी ६ मिलिमीटरचा ईव्हीए फोम. आकार १९९६च्या 'किंगडम कम' कॉमिकमधल्या चिन्हाच्या वळणाचा, जाड तिरक्या पट्टीचा. पावसाळी हवेत रबर सोल्युशन दगा देतं. त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि थर पांढुरका होतो. तसाच दाबला तर जोड सुटतो. आधी उघड्या खिडकीशी वास पूर्ण जाऊ द्या, मग कोमट ड्रायर लांबून फिरवा, पांढरेपणा गेला की जोडा. तोवर देवघरातला दिवासुद्धा त्या खोलीत नको.

आता चड्डी.

माझा मावसभाऊ स्नायडरचा कट्टर. त्याच्या लेखी सुपरमॅन स्नायडरने दिग्दर्शित केलेल्या २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'वर संपला. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाताना त्याने विषय काढलाच. "पहिल्याच दृश्यात तुझा देव बर्फात कण्हत पडलाय आणि कुत्रा त्याला फरफटत नेतोय. पुढे राक्षसाशी लढताना खार वाचवत बसतो. त्यात वर चड्डी!" वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, रामाला खार चालली, तुम्हाला का चालत नाही?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण मत बदललं असंही नाही.

चड्डीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. १९३८च्या पहिल्या अंकापासून ती आहे, सर्कशीतल्या पहिलवानांच्या पोशाखावरून आलेली. कॉमिकमध्ये २०११ला गेली, २०१८ला 'अॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात परतली. गनचंही नक्की होत नव्हतं. कोरेन्स्वेटचा मुद्दा त्याला पटला: डोळ्यांतून किरण सोडणाऱ्या परग्रहावरच्या माणसाला मुलांनी आपल्याला घाबरू नये असं वाटत असेल, तर तो असलेच कपडे घालील.

शिवताना मला दुसरी कारणंही सापडली. नुसता निळा सूट घालून आरशासमोर उभं राहिलं की धड लांब आणि पाय आखूड दिसतात, छातीखाली नजर कुठे ठरतच नाही. लाल आला की कंबर जागेवर येते. शिवाय वरचा आणि खालचा भाग वेगळा शिवून जोड चड्डी-पट्ट्याखाली लपवता येतो. ज्याला शिगम्याच्या मिरवणुकीत तासन्‌तास सूटमध्ये राहायचंय, त्याला दोन तुकड्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मे २०२४मध्ये बूट चढवतानाचा पहिला फोटो आला तेव्हा सुरकुत्यांवरून केवढा गहजब झाला होता. माझाही सूट बसल्यावर पोटाशी चुरगळतो. बसलेल्या माणसाचं कापड चुरगळणारच. आत फोमचे स्नायू भरले नाहीत एवढंच.

सोप्यात घालून पाहत होतो तेव्हा शेजारचा पोरगा आला. चार वर्षांचा असेल. चड्डीकडे बोट दाखवून खदखदून हसला, केपेखाली शिरून बाहेर आला आणि विचारलं, "कुत्रो खंय आसा?" मावसभावाला सांगितलं तर म्हणतो, "बघ, हसला." मी म्हटलं, "बघ, घाबरला नाही." तिथेच अडकलोय.

सिनेमा मात्र निर्दोष नाही. माणसं फार कोंबली आहेत. मिस्टर टेरिफिक सोडला तर जस्टिस गँग या सुपरहिरोंच्या टोळीतल्या कुणाला धड जागा मिळत नाही, आणि बोराव्हिया या काल्पनिक देशाचं युद्ध खलनायक ल्युथरच्या कारस्थानाला टेकू म्हणूनच येतं. मरणाऱ्यांच्या बाजूने दोन दृश्यं जास्त हवी होती. क्रिप्टन या जन्मग्रहावरच्या आई-बापांनी सुपरमॅनला दिलेल्या निरोपाचा उरलेला भाग, पृथ्वीवर राज्य कर म्हणणारा, यावर जुने चाहते चिडलेत. मला तो या सिनेमातला सगळ्यात धाडसी निर्णय वाटला. क्रिप्टनने चांगला केला म्हणून चांगला, ही सोय काढून घेतली. आता जे आहे ते कॅन्ससच्या शेतातल्या म्हाताऱ्या जोडप्याचं. आपल्याकडे सेन्सॉरला चुंबनाची ३३ सेकंदं खटकली, असो.

मावसभाऊ म्हणतो, स्पर्धेत परीक्षक पौराणिकालाच बक्षीस देतात, कशाला खपतोस. तो शिगम्याला 'मॅन ऑफ स्टील'मधला खलनायक झॉड होऊन येणार आहे, काळ्या रेक्झिनमध्ये. उन्हात बघतोच त्याला.

पुढच्या नोंदीत बूट. जुन्या गमबुटांवर लाल स्ट्रेच रेक्झिन चढवतोय, पण घोट्याशी वाकलं की रंगाला तडे जातात. रंगाऐवजी कुणी लायक्राच चिकटवून पाहिलंय का? पाहिलं असेल तर कोणत्या गोंदाने, तेही सांगा.